बांकावरचा गडी

आमच्या महाविद्यालयाच्या जिमखान्याचा क्रिकेट-संघ निवडण्याचें काम कांहीं वर्षें माझ्याकडे होतें. अकरा नांवें कागदावर उतरविणें हें वाटतें तितकें कठीण नसे. पहिलीं आठ नांवें आपोआप लिहिलीं जात; नववें आणि दहावें थोड्याशा चर्चेनें ठरे; पण अकराव्या जागेसाठीं दोन मुलांची तुलना करण्याचा प्रसंग येई आणि त्यांपैकीं एकाचें नांव बाराव्या ओळीवर जाई. त्या मुलानें आठवडाभर इतरांइतकाच घाम गाळलेला असे. तथापि क्रिकेटच्या नियमानें त्याला क्षेत्ररक्षणापलीकडे कांहींच करतां येत नसे. एका वर्षीं अशा एका बाराव्या मुलानें मला सरळ विचारलें, "सर, माझ्यांत काय कमी आहे?" मीं त्याला सरावाविषयीं चार गोष्टी सांगितल्या. खरें उत्तर निराळें होतें. त्याच्यांत कांहीं कमी नव्हतें. नियमांत एक जागा कमी होती.

हें उत्तर मला त्या वेळीं सुचलें नाहीं. तें सुचलें पुष्कळ वर्षांनीं, ऑस्ट्रेलियांतील एका खेळाचा इतिहास चाळतांना. त्या देशांत, विशेषतः मेलबर्न शहरांत व व्हिक्टोरिया प्रांतांत, फुटबॉलचा एक स्वतंत्र प्रकार खेळला जातो. त्या खेळांतील राखीव गड्यासंबंधींचा नियम गेल्या सुमारें शंभर वर्षांत इतक्या वेळां बदलला आहे, कीं त्या एका नियमाच्या फेरफारांवरून मनुष्याच्या दमाविषयींच्या, दुखापतीविषयींच्या आणि न्यायाविषयींच्या कल्पना कशा पालटत गेल्या हें दाखवितां येतें. नियम बदलला म्हणजे खेळ बदलतो ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु नियम बदलला म्हणजे खेळापूर्वींच, निवड समितीच्या टेबलापाशीं, माणसें बदलतात, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तिचाच विचार येथें करावयाचा आहे.

या खेळाचा आपल्याकडे फारसा परिचय नाहीं. म्हणून आरंभीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. इ. स. १८५८ च्या जुलै महिन्यांत टॉम विल्स या प्रसिद्ध क्रिकेटपटूनें मेलबर्नच्या एका क्रीडाविषयक वृत्तपत्रास पत्र लिहिलें. हिवाळ्यांत क्रिकेटपटूंचीं शरीरें सुस्तावूं नयेत, यासाठीं एक फुटबॉलचा क्लब काढावा, अशी त्या पत्रांतील मुख्य सूचना होती. पुढल्या वर्षीं, म्हणजे १८५९ च्या मे महिन्यांत, मेलबर्न क्लबच्या मंडळींनीं आपल्या खेळाचे पहिले नियम लिहून काढले. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनचे नियम १८६३ सालचे. म्हणजे हा वसाहतींतील खेळ नियमबद्ध होण्याच्या बाबतींत त्याहून चार वर्षांनीं वडील ठरतो. क्रिकेटपटूंनीं जन्मास घातलेला हा खेळ पुढें क्रिकेटच्याच लंबवर्तुळाकार मैदानांवर स्थिरावला. आपले वाचक ज्या मेलबर्नच्या भव्य मैदानाला क्रिकेटमुळें ओळखतात, तेंच या फुटबॉलचेंही मुख्य पीठ आहे. मैदानाची लांबी सुमारें १६० मीटर. दोन्ही टोकांस चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथाडल्यास सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेल्यास एक गुण. चेंडू हातांत घेऊन पळतां येतें. मात्र दुसऱ्याकडे द्यावयाचा तो लाथेनें किंवा मुठीनें मारून द्यावा लागतो.

प्रत्येक बाजूचे अठरा गडी मैदानांत असतात. त्यांपैकीं पंधरा जणांच्या जागा परंपरेनें ठरलेल्या. उरलेले तिघे चेंडूच्या मागोमाग सर्व मैदानभर हिंडणारे. त्यांतील पहिला रकमन, म्हणजे पंचानें चेंडू उसळविला असतां उंच उडी घेऊन तो आपल्या बाजूस ढकलणारा धिप्पाड गडी. दुसरा रक-रोव्हर. तिसरा रोव्हर, हा बहुधा ठेंगणा, चपळ आणि जमिनीवर पडलेला चेंडू झडप घालून उचलणारा. सामन्याचे चार भाग असतात आणि मध्यंतरीं थांबलेला वेळ भरून काढल्यामुळें प्रत्येक भाग अर्ध्या तासाच्या आसपास चालतो. अशा दोन तासांत धांवणाऱ्या गड्यास बारा ते पंधरा किलोमीटर अंतर तोडावें लागतें, आणि तेंही धक्के खात. तेव्हां राखीव गड्याचा प्रश्न हा मुख्यतः या हिंडत्या मंडळींच्या दमाचा प्रश्न आहे, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

१८९७ सालीं व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचे सामने आठ क्लबांनिशीं सुरू झाले, तेव्हां प्रत्येक बाजूस वीस गडी असत. १८९९ मध्यें ती संख्या अठरावर आली. राखीव गडी नांवाची वस्तुच त्या वेळीं नव्हती. ज्या अठरा जणांनीं मैदानांत पाऊल ठेवलें, त्यांनींच शेवटपर्यंत झुंजावयाचें. कोणाचा गुडघा दुखावला, कोणाचें बोट मोडलें, तर त्यानें लंगडत लंगडत आपल्या गोलजवळच्या कोपऱ्यांत जाऊन उभें राहावें, आणि चेंडू चुकून तिकडे आलाच तर जमेल तें करावें. या कोपऱ्याला त्या खेळाच्या भाषेंत पॉकेट म्हणतात. थकलेला रोव्हरही कांहीं वेळ त्याच पॉकेटमध्यें जाऊन उभा राही आणि तेथला गडी त्याच्या जागीं येई. म्हणजे विश्रांतीची सोय होती, पण ती मैदानाच्या आंतच होती.

या व्यवस्थेचा निवडीवर काय परिणाम होत असेल, हें सहज कळण्यासारखें आहे. निवड समितीला एकाच गुणाचा मनुष्य परवडत नसे. रोव्हर निवडावयाचा तो गोलही मारणारा हवा. कारण त्याची विश्रांतीची जागा गोलजवळ होती. दुसरा रकमन निवडावयाचा तो बचावाच्या अथवा चढाईच्या फळींत उभा राहून चेंडू झेलणारा हवा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे गडी टिकाऊ हवा. जो चपळ आहे पण तिसऱ्या भागांत गळून जातो, जो हुशार आहे पण ज्याचें शरीर वारंवार दगा देतें, त्याला घेणें म्हणजे अठरांच्या ठिकाणीं सतरा घेऊन उतरणें. अशा किती गुणी तरुणांचीं नांवें कागदावर येतां येतां राहिलीं असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरांत सांपडावयाची नाहीं. इतिहासाला निवडलेल्यांची यादी मिळते. वगळलेल्यांची मिळत नाहीं.

१९३० मध्यें पहिला मोठा बदल झाला. प्रत्येक संघाला एक एकोणिसावा गडी राखीव ठेवण्याची परवानगी मिळाली; १९४६ मध्यें विसावाही मिळाला. पण हा दरवाजा एकाच बाजूनें उघडणारा होता. जो गडी एकदां बाहेर आला, तो त्या दिवसापुरता कायमचा बाहेर. यामुळें प्रशिक्षकाच्या हातीं एक शस्त्र आलें खरें, पण तें एकदांच चालविण्याजोगें. पहिल्याच भागांत तें वापरलें आणि पुढें कोणी जायबंदी झाला, तर हात चोळीत बसावयाचें. न वापरतां ठेवलें, तर थकलेला गडी डोळ्यांदेखत हरत असतांना पाहत राहावयाचें. या पेंचांतून राखीव गड्याचें एक विशिष्ट रूप तयार झालें. तो कोणत्याही जागीं उभा करतां येईल असा हवा. तो तरुण असला तर बरें, कारण दीर्घकाळ बांकावर बसून नंतर थंड शरीरानें धांवावयाचें असे. आणि त्याची गैरहजेरी पहिल्या अठरांत जाणवूं नये इतकाच तो मोठा असावा. 'एकोणिसावा गडी' या शब्दाला थोडीशी उपेक्षेची छटा आली ती यामुळेंच.

या उपेक्षेला एकदां असें कांहीं उत्तर मिळालें, कीं तें ऑस्ट्रेलियांत अजूनही सांगितलें जातें. १९७० सालचा अंतिम सामना कार्लटन आणि कॉलिंगवुड या दोन मेलबर्नच्याच क्लबांमध्यें झाला. मैदानावर १,२१,६९६ प्रेक्षक जमले होते. मध्यंतराला कॉलिंगवुड ४४ गुणांनीं पुढें होतें. कार्लटनचे प्रशिक्षक रॉन बरासी यांनीं त्या वेळीं बर्ट थॉर्न्ले यांना बाहेर काढून एकोणिसावे गडी टेड हॉपकिन्स यांना पॉकेटमध्यें पाठविलें. हॉपकिन्स यांनीं दुसऱ्या अर्धांत चार गोल केले आणि कार्लटननें १११ विरुद्ध १०१ अशा गुणांनीं सामना जिंकला. हॉपकिन्स यांचें नांव अजरामर झालें. त्यांची सारी कारकीर्द मात्र अवघ्या २९ सामन्यांची होती.

या कथेंत सामान्यतः हॉपकिन्स यांच्याकडेच सर्वांचें लक्ष जातें. मला मात्र थॉर्न्ले यांची आठवण अधिक होते. संघाला विजय मिळाला, त्यांनाही विजेत्याचा मान मिळाला. परंतु त्या दिवसाचा दुसरा अर्ध त्यांना बांकावरूनच पाहावा लागला. त्या काळचा नियमच असा होता, कीं एकाला संधि द्यावयाची ती दुसऱ्याची संधि संपवूनच. एका गड्याचें भाग्य उजळतें त्याच क्षणीं दुसऱ्याचें मावळतें, आणि दोहोंमधील अंतर गुणांचें असतेंच असें नाहीं.

१९७८ मध्यें हा एकाच बाजूनें उघडणारा दरवाजा दोन्ही बाजूंनीं उघडूं लागला. राखीव गडी दोनच राहिले, परंतु आतां मैदानांतला गडी बाहेर यावा, दम घ्यावा, आणि वाटेल तेव्हां परत जावें, अशी मुभा मिळाली. या पद्धतीला इंटरचेंज म्हणतात. आपण तिला अदलाबदल म्हणूं. अदलाबदलीचे गडी १९९४ त तीन झाले, १९९८ त चार झाले. मधल्या काळांत, १९९० पासून, व्हिक्टोरियन लीगचें नांव ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग असें होऊन देशांतील इतर प्रांतांचे क्लबही तींत सामील होत गेले.

येथें एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मोकळीक १९७८ पासूनच होती, पण तिचा पुरता उपयोग करण्यास जवळजवळ पाव शतक लागलें. बांकावर जाणें म्हणजे कांहीं तरी चुकणें, ही जुनी समजूत प्रशिक्षकांच्या व गड्यांच्याही मनांतून लवकर जाईना. नियम एका रात्रींत बदलतो. नियमाखालीं वाढलेली मनें तितक्या लवकर बदलत नाहींत. चालू शतकाच्या आरंभानंतर मात्र व्यायामशास्त्राच्या अभ्यासकांनीं दाखवून दिलें, कीं थोडा वेळ जीव तोडून धांवावें आणि लगेच दोन-तीन मिनिटें बसावें, असें केल्यास गडी अखेरपर्यंत वेगवान राहतो. मग काय विचारावें! २०१० पर्यंत एका संघाच्या एका सामन्यांतील अदलाबदली शंभराच्या पुढें गेल्या, आणि २०१३ त ती सरासरी सुमारें १३० वर पोंचली. मिनिटाला एकाहून अधिक असा हा हिशेब होतो. २०१० सालचें विजेतेपद पटकाविणारा कॉलिंगवुडचा संघ या तंत्रासाठीं विशेष गाजला. जी जागा पूर्वीं दुर्बळाची समजली जाई, तेथें आतां संघांतील सर्वोत्तम गडी दिवसांतून पुनःपुन्हां येऊन बसूं लागले.

निवडीच्या कागदावर याचे परिणाम उमटल्यावांचून कसे राहतील? पहिला परिणाम असा, कीं टिकाऊपणापेक्षां वेगाला भाव आला. दोन तास सारख्या चालीनें धांवणारा घोडा मागें पडला. पांच मिनिटें वाऱ्यासारखा सुटणारा पुढें आला. दुसरा परिणाम असा, कीं मधल्या फळींत धांवणाऱ्या गड्यांची संख्या वाढली, कारण बांकावर त्यांची सोय होती. पॉकेटमध्यें विसांवा घेणारा जुना रोव्हर दिसेनासा झाला. तिसरा परिणाम दुसऱ्या रकमनवर झाला. बांकावरील चार जागांपैकीं एक जागा अवजड आणि संथ माणसानें अडविली, तर धांवणाऱ्यांच्या फेऱ्यांस तीनच जागा उरतात. म्हणून दुसरा रकमन घ्यावा कीं नाहीं, हा प्रश्न दर आठवड्याला नव्यानें उभा राहूं लागला. त्या बिचाऱ्याची उंची कमी झालेली नव्हती, उडी कमी झालेली नव्हती. त्याच्या शेजाऱ्याच्या दमाचा हिशेब बदलला होता.

लीगच्या चालकांस ही गति पाहून चिंता वाटूं लागली. ताज्या दमाचे गडी सतत आंत येत असल्यामुळें धडका अधिक वेगानें होतात, सर्व गडी चेंडूभोंवतीं गर्दी करितात आणि खेळाचा मोकळेपणा नाहींसा होतो, असें त्यांचें म्हणणें होतें. शिवाय एखाद्या संघाचा एक गडी आरंभींच जायबंदी झाला, तर उरलेल्या तिघांनिशीं त्याला अदलाबदलीच्या शर्यतींत टिकणें कठीण होई. या दोन्ही दोषांवर उपाय म्हणून २०११ मध्यें बांकावरील चौथी जागा अदलाबदलीतून काढून बदली गड्यासाठीं ठेवण्यांत आली. तीन गडी मोकळेपणानें ये-जा करणार; चौथा एकदांच आंत जाणार, आणि ज्याच्या जागीं तो जाईल तो कायमचा बाहेर. म्हणजे १९३० सालचा दरवाजा १९७८ सालच्या दरवाजाशेजारीं पुन्हां बसविला गेला. ओळख पटावी म्हणून बदली गड्याला हिरवा जाकिटासारखा अंगरखा दिला जाई, आणि बाहेर काढलेल्याला तांबडा.

या हिरव्या अंगरख्याविषयीं गड्यांच्या मनांत किती अप्रीति होती, हें सांगणें नको. आठवडाभर तयारी करावी, आणि सामन्याच्या दिवशीं तीन भाग बसून काढावे. निवड समितीलाही पेंच पडे. बदली म्हणून रकमन बसविला आणि रोव्हर जायबंदी झाला तर काय? म्हणून त्या जागेवर बहुधा मध्यम उंचीचा, वेगवान आणि कोठेंही चालणारा गडी जाई. कधीं नवखा पोरगा, तर कधीं ज्याचे पाय पूर्ण सामना पेलत नाहींत असा जुना जाणता. गंमत अशी, कीं अदलाबदल कमी व्हावी म्हणून केलेल्या या नियमानंतर ती कमी न होतां वाढलीच. वर सांगितलेली १३० ची सरासरी ही तीनच गडी बांकावर मोकळे असतांनाची आहे. जागा कमी केली म्हणून फेऱ्या कमी होत नाहींत. त्याच जागेवर माणसें अधिक घाईनें उठूं-बसूं लागतात.

अखेर चालकांनीं फेऱ्यांवरच मर्यादा घातली. २०१४ मध्यें एका सामन्यांत एका संघास १२० अदलाबदली, २०१६ मध्यें ९०, आणि २०२१ मध्यें ७५. २०१६ पासून हिरवा अंगरखा गेला आणि चौथा गडी पुन्हां मोकळा झाला. या मर्यादेनें निवडीचें पारडें पुन्हां जुन्या बाजूस कललें. रोव्हरला बाहेर बोलाविण्याची प्रत्येक खेप मोजावी लागूं लागली. तेव्हां त्यानें बाहेर न येतां गोलजवळ जाऊन दम घ्यावा, हें पुन्हां शहाणपणाचें ठरलें. जो मधल्या फळींत धांवतो आणि विसांव्याच्या वेळीं गोलही मारतो, अशा दुहेरी गड्याची किंमत वाढली. आजोबांच्या काळचा पॉकेटमधला रोव्हर, नव्या पोषाखांत, नातवाच्या काळीं परत आला.

दरम्यान न्यायाचा एक नवा प्रश्न उभा राहिला होता. डोक्यास मार लागलेल्या गड्याला पुन्हां खेळूं देणें धोक्याचें असतें, हें वैद्यकानें निश्चित सांगितलें. असा गडी बाहेर बसला तर त्याच्या संघाचें नुकसान, आणि तें टाळण्यासाठीं त्याला आंत पाठवावें तर त्याच्या मेंदूचें नुकसान. म्हणून २०२१ मध्यें बांकावर एक तेविसावा गडी, वैद्यकीय बदली म्हणून, आला. आधीं तो केवळ डोक्याच्या दुखापतीसाठीं योजला होता. पण हंगाम सुरू होतां होतां इतर गंभीर दुखापतींसाठींही त्याची मुभा झाली. पुढें काय झालें असेल याचा तर्क वाचकांनीं केलाच असेल. अमुक गड्याची दुखापत खरी कीं सोयीची, अशा शंका निघूं लागल्या. डॉक्टरांच्या सहीवर प्रशिक्षकाचा डांव अवलंबून राहूं लागला, तर सहीचेंही मोल कमी होतें. तेव्हां २०२३ मध्यें ही अट काढून बदली गडी कोणत्याही कारणास्तव वापरण्याची परवानगी देण्यांत आली. आणि २०२६ च्या हंगामासाठीं बदली गड्याची जागाच रद्द करून पांच गडी अदलाबदलीसाठीं मोकळे ठेवण्याचें ठरलें, ७५ ची मर्यादा मात्र कायम ठेवून.

हा सारा इतिहास एकत्र पाहिला असतां मला त्यांत एक सूत्र दिसतें. सामान्य समजूत अशी, कीं बांकावर जागा जितक्या अधिक, तितका राखीव गड्याला न्याय अधिक. ती समजूत अर्धीच खरी आहे. जागा किती आहेत यापेक्षां जागा कसल्या आहेत, हें अधिक महत्त्वाचें. १९४६ सालींही बांकावर दोनच गडी होते आणि १९७८ सालींही दोनच. पण पहिल्या दोघांचें काम वाट पाहणें हें होतें, दुसऱ्या दोघांचें काम खेळणें हें होतें. २०१० सालीं बांकावर चार होते आणि २०११ सालींही चारच. पण त्या चौथ्याचें नशीब एका हिरव्या कपड्यानें पालटलें. ज्या जागेवरून मनुष्याला परत जाण्याचा हक्क आहे, त्या जागेसाठीं निवड समिति उत्तम गडी शोधते. जी जागा केवळ अपघाताची वाट पाहण्यासाठीं आहे, तेथें ती ज्याला वगळण्याचें धैर्य होत नाहीं त्याला बसविते.

या मताविरुद्ध एक भारदस्त आक्षेप आहे, आणि तो नजरेआड करणें बरें नाहीं. कांहीं जुने जाणकार म्हणतात, थकवा हा या खेळाचा दोष नसून त्याची कसोटी आहे. अखेरच्या दहा मिनिटांत पाय शिशासारखे जड झाले असतां जो चेंडूवर झेप घेतो, तोच खरा गडी. त्याला दर पांच मिनिटांनीं बसविल्यास ही कसोटीच नाहींशी होते. या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु इतिहासाचें विद्यार्थी म्हणून आपण हेंही विसरतां कामा नये, कीं १९३० पूर्वींच्या ज्या काळाचा गौरव केला जातो, त्या काळीं मोडलेल्या बोटानें कोपऱ्यांत उभा राहणारा गडी स्वतःच्या इच्छेनें वीर झालेला नव्हता. त्याला दुसरा मार्ग नव्हता. माझ्या मतें मर्यादेसह अदलाबदल हा मार्ग या दोन टोकांच्या मध्यें पडतो. दमाची कसोटी तींत राहते, आणि निवडलेला प्रत्येक गडी खेळतोही.

आपल्याकडील क्रिकेटमध्येंही हा प्रश्न आतां परका राहिलेला नाहीं. २०२३ पासून आय. पी. एल. मध्यें एका बदली खेळाडूला सामन्याच्या मध्यें आणून त्याच्याकडून फलंदाजी वा गोलंदाजी करवून घेण्याची मुभा मिळाली. माझ्या त्या बाराव्या मुलाला हें ऐकून आनंद झाला असता. परंतु २०२४ मध्यें मुंबईच्या रोहित शर्मा यांनीं या नियमाविषयीं नापसंती दर्शविली ती निवडीच्याच कारणानें: फलंदाज निराळा आणि गोलंदाज निराळा उतरवितां येत असल्यावर दोन्ही कामें थोडथोडीं करणाऱ्या अष्टपैलू खेळाडूला वाव राहत नाहीं. बाराव्याला जागा मिळाली, ती अष्टपैलूच्या संधींतून कापून मिळाली. मेलबर्नला दुसऱ्या रकमनचें जें झालें तेंच हें.

१९७० सालच्या त्या एकोणिसाव्या गड्याची पुढील हकीकत येथें सांगितली पाहिजे. टेड हॉपकिन्स फार वर्षें खेळले नाहींत. पण पुढें त्यांनीं चँपियन डेटा ही संस्था उभारण्यांत पुढाकार घेतला. या खेळांतील प्रत्येक झेल, प्रत्येक लाथ आणि प्रत्येक धांव यांची मोजदाद करणारी ती संस्था आज लीगची अधिकृत आंकडेवारी तयार करिते, आणि त्या आंकड्यांवरून दर आठवड्याला कोण खेळणार व कोण बसणार याच्या चर्चा होतात. बांकावर बसून पहिला अर्ध पाहणाऱ्या मनुष्याला मोजदादीचें महत्त्व पटावें, यांत नवल नाहीं. बांकावरून मैदानाचा जो भाग दिसतो, तो खेळणाराला बहुधा दिसत नाहीं.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नानंतर पुढल्याच हंगामांत आमच्या जिमखान्याच्या सरावाच्या सामन्यांत एका वेळीं अकरांनींच क्षेत्ररक्षण करावें, पण फलंदाजी बारा जणांनीं करावी, असा प्रघात आम्हीं पाडला. मुलें खूष झालीं, आणि मलाही थोडें समाधान वाटलें. तें समाधान दोन आठवडे टिकलें. तिसऱ्या आठवड्याला मी नांवें लिहावयास बसलों, तेव्हां बारावी ओळ भरतांना मला पूर्वींइतकाच वेळ लागला; आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं माझ्या खोलीच्या दारांत तेरावा मुलगा उभा होता.